नवा एक्स८७०ई मदरबोर्ड आठवडाभर हातात आहे, पारखायचा कसा?

अनगोळकर_सीएनसी

राम राम मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कॅम प्रोग्रॅमिंग करतो, म्हणजे मशीनच्या हत्याराचा मार्ग, टूलपाथ, आखतो. दिवसा टूलपाथ, रात्री घरी ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर-रॅम ठरल्यापेक्षा वेगानं पळवणं. बायको म्हणते, दोन्हीकडं तुला नुसतं काहीतरी गरगरताना बघायचं असतंय.

प्रोसेसर ठरलाय, रायझन ९ ९९५०एक्स. कूलर ३६० चा, पाण्याचा. गाडी अडली ती मदरबोर्डवर. ओळखीच्या दुकानात एक नवा एक्स८७०ई आलाय (हे नाव चिपसेटचं, म्हणजे बोर्डावरची जोडणी सांभाळणाऱ्या चिपेचं), ४७ हजार सांगालाय. त्याच कंपनीचा बी८५० शेजारच्या फळीवर, तो २२ हजार. महागाच्या खोक्यावर १८+२+२ फेज (प्रोसेसरला वीज देणारे टप्पे), ११० अँपिअर, पाच एम.२ (एसएसडीचे स्लॉट), दोन यूएसबी४ पोर्ट, ५ गिगाबिट लॅन, वाय-फाय ७ असं सगळं छापलंय. स्वस्तातल्यावर १४ फेज, ८० अँपिअर आणि तीन एम.२.

दुकानदार शाळेतला दोस्त. म्हणाला, घेऊन जा दोन्ही, आठवडाभर लावून बघ, नको तो खोक्यासकट परत आण. अशी सवलत परत मिळायची नाही, म्हणून विचारालोय. ह्या आठवड्यात नेमकं बघू काय? व्हिडिओ लई बघून झाले. खोकं उघडायचं, हीटसिंकवर बोट आपटायचं, वजनदार हाय म्हणायचं आणि शेवटी दोन आलेख. त्या आलेखांत बोर्डाबोर्डात फरक एक टक्क्याचा. मग वरचे २५ हजार जातात कशाला?

माझा वापर सांगतो. ओळखीच्या एका फाउंड्रीसाठी कास्टिंगचं सिम्युलेशन लावतो, धातू गोठताना आत पोकळी कुठं राहते ते बघायला. एकदा लावलं की सगळे कोर तासन्‌तास शंभर टक्के. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचं ४के चित्रीकरण आमचं मंडळ करतंय, मिरवणूक रात्रभर चालते आणि एडिटिंग माझ्या गळ्यात पडतं. उरल्या वेळात गेम. आणि खरा नाद रॅमचं टायमिंग आवळायचा. त्यातनं मिळतं काय, ते विचारू नका.

निपाणी_एफपीएस

बोर्डानं फ्रेम वाढत नाहीत भावा. बी८५० घे, उरलेले ग्राफिक्स कार्डात घाल. बी८५० वर पीबीओ (प्रोसेसरचा वेग आपोआप वाढवणारं एएमडीचं सेटिंग) हाय, रॅमचं ओव्हरक्लॉकिंग हाय. प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग एएमडीनं ए६२० सारख्या खालच्या चिपसेटवर बंद ठेवलंय, ह्याच्यावर नाही. विषय संपला.

सोल्डरमामा

निपाणीकरांचं गेमपुरतं बरोबर हाय. पण ह्याला तासन्‌तास सगळे कोर पेटवायचेत, त्यामुळं विषय एवढ्यात संपत नाही. मी बोर्ड दुरुस्त करतो. माझ्या टेबलावर येतात ते मेलेलेच असतात, म्हणून नवा बोर्ड हातात घेतला तरी हा कुठून मरणार तेच आधी शोधतो. त्या नजरेनं सांगतो.

फेजच्या आकड्याला भुलू नको. ९९५०एक्स बसतो त्या एएम५ सॉकेटला एएमडीनं दिलेली मर्यादा २३० वॅट पीपीटी (सॉकेटची एकूण पॉवर), १६० अँपिअर सलग आणि २२५ अँपिअर क्षणिक. आता १८ गुणिले ११० कर, १९८० अँपिअर होतात. १४ गुणिले ८० केलंस तरी ११२०. दोन्ही गरजेच्या कितीतरी पुढं. १९८० अँपिअर लागणारा प्रोसेसर ह्या सॉकेटला बसतच नाही, द्रव नायट्रोजन ओतणाऱ्यांनाही तेवढे लागत नाहीत. आणि ते १८ म्हणजे कंट्रोलरचे १८ वेगळे सिग्नल असतीलच असं नाही. बऱ्याचदा ९ सिग्नल असतात आणि प्रत्येकाच्या मागं दोन पॉवर स्टेज जोडलेल्या. त्याला फसवणूक म्हणत नाही मी, चांगली रचना हाय ती. पण आकडा बघून तोंडाला पाणी सुटू देऊ नको.

जास्त स्टेजचा खरा फायदा गारव्याचा. प्रत्येकीच्या वाट्याला करंट कमी येतो, तापमान उतरतं. ह्या सगळ्या स्टेज मिळून व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला लागेल तसं व्होल्टेज करून देणारा भाग. त्याची कार्यक्षमता ९० टक्के धर. प्रोसेसरला २०० वॅट पोचवताना वीसेक वॅट वाटेतच उष्णता होऊन बसतात. माझी सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची हाय, म्हणजे जवळपास तेवढीच उष्णता सॉकेटच्या कडेला, रात्रभर. आणि तुझा कूलर पाण्याचा. साध्या टॉवर कूलरचा पंखा जाता जाता व्हीआरएमवरही वारा घालतो. पाण्याच्या कूलरचे पंखे वर रेडिएटरला, सॉकेटच्या कडेला हवा जवळजवळ थांबलेली. बहुतेक रिव्ह्यू उघड्या टेबलावर होतात, तिथं हे दिसतच नाही.

तेव्हा बोर्ड कॅबिनेटमध्ये बसव, झाकण लाव आणि दुपारी चाचणी घे. सिनेबेंच (प्रोसेसरची चाचणी घेणारा प्रोग्रॅम) तासभर सलग लाव, नाहीतर सरळ तुझं सिम्युलेशनच लाव, त्याच्याइतकी खरी चाचणी दुसरी नाही. एचडब्ल्यूइन्फो उघडून व्हीआरएमचं तापमान, पीपीटी आणि इफेक्टिव्ह क्लॉक (कोर खरोखर पळतोय तो वेग) बघ. नुसता क्लॉक बघू नको, तो कागदावरचा असतो. खोलीचं तापमान लिहून ठेव आणि वाढ काढ. बेळगावात खोली २८ ला असेल, तोच बोर्ड मे महिन्यात अथणीला ३८ च्या खोलीत चालला तर वरचे दहा अंश जसेच्या तसे व्हीआरएमवर चढणार. वाढ ५० अंशांच्या आत राहिली तर मी निवांत झोपतो. पहिल्या पाच मिनिटांचा आकडा बघून खूश होऊ नको. हीटसिंक जड असेल तर ते सावकाश तापतं, खरा आकडा अर्ध्या तासानंतरच कळतो.

हे झालं जगण्यामरण्याचं. आता पैशाचं. मला विचारशील तर ४७ हजारांचा निकाल लेनवर, म्हणजे प्रोसेसरपासून कार्ड-एसएसडीपर्यंतच्या डेटाच्या वाटांवर, लागतो. आणि लेन खोक्यावर दिसत नाहीत, मॅन्युअलमधल्या ब्लॉक डायग्रॅममध्ये दिसतात. ते पान छापून भिंतीला लाव.

रायझन ९००० मालिकेला पीसीआयई ५.० च्या एकूण २८ लेन. ४ चिपसेटकडं जातात, उरल्या २४. त्यातल्या १६ ग्राफिक्सला, ४ पहिल्या एम.२ ला, राहिल्या ४. त्या चारांवरच सगळी भांडणं. एक्स८७० आणि एक्स८७०ई वर यूएसबी४ सक्तीचं केलंय एएमडीनं, आणि त्याच्या कंट्रोलरला लागतात ४ लेन. मग दुसरा ५.० वाला एम.२ काढायचा कुठून? काही बोर्डांवर तो यूएसबी४ शी वाटून घेतो. स्लॉट भरला की दोघांना दोन-दोन. काही बोर्डांवर तो ग्राफिक्सच्या १६ मधून घेतो, आणि एसएसडी खोचली की कार्ड १६ चं ८ वर. गेममध्ये त्याचा फरक फारसा कळत नाही, तरी ४७ हजार मोजून आपल्या कार्डाच्या लेन आपणच का कापायच्या?

आणि 'ई' चं सांगतो. एक्स८७०ई म्हणजे प्रॉमंटरी २१ नावाच्या दोन चिपा एकीमागं एक. बी८५० मध्ये एकच. पोर्ट वाढतात खरं, पण दोन्ही चिपांचा मिळून प्रोसेसरपर्यंतचा रस्ता एकच, पीसीआयई ४.० च्या चार लेनचा, सेकंदाला आठेक जीबी. बघायचंय? चिपसेटमागच्या दोन स्लॉटांत दोन जेन ४ एसएसडी घाल आणि दोन्हीवरनं एकाच वेळी मोठ्या फायली वाच. एकेकटी ७ देत असेल तर दोघी मिळून १४ देणार नाहीत, ७ च्या आसपासच अडकतील. ही चाचणी व्हिडिओत दिसत नाही, कारण मग 'पाच एम.२' म्हणताना जीभ अडखळते.

बी८५० ला यूएसबी४ ची सक्ती नाही. त्यामुळं कितीतरी बी८५० वर लेनचा नकाशा उलट साधा-सरळ असतो. एक बघून घे, ग्राफिक्सचा स्लॉट ५.० चा असलाच पाहिजे असं बी८५० ला बंधन नाही. तुझा कुठला हाय ते तपास.

रॅमचा नाद हाय म्हणालास. ६००० ला सीएल३० एक्स्पो (रॅमच्या वेगाचं तयार सेटिंग) लाव आणि मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीनं, म्हणजे १:१, राहतोय काय बघ. ८००० चा आकडा खोक्यावर दिसला तरी तिथं कंट्रोलर १:२ वर उतरतो, रोजच्या कामात हातात फारसं काही येत नाही. एक्स्पो लावल्यावर बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) किती देतोय ते मात्र पहिल्या मिनिटाला बघ. २०२३ च्या एप्रिलमध्ये ७८००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याचा बोभाटा झाला, त्यानंतर एएमडीनं बायोसमधनं (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. १.२ ते १.२५ मध्ये ६००० चालत असेल तर बोर्डाची मांडणी चांगली. १.३ ला टेकवल्याशिवाय उभाच राहत नसेल तर तो बोर्ड किंवा ती रॅम मला नको. रॅम तपासायला रात्रभर टेस्टमेम५ आणि वाय-क्रंचरची व्हीटी३ चाचणी. एकही चूक आली तर ते सेटिंग फेल. सिम्युलेशनचं उत्तर चुकीचं आलं तर तिकडं फाउंड्रीत ओतकाम वाया जाणार, गेम बंद पडण्यावर भागत नाही.

शेवटचं, तुलना कशी करायची. बोर्डवाले डिफॉल्टमध्येच हात मारून ठेवतात. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचं प्रकरण झालं, त्यात वाढीव व्होल्टेज तर होतंच, पण बोर्डांची सेटिंग इंटेलनं सांगितलेल्या मर्यादेबाहेर असणं हेही कारण इंटेलनं स्वतः सांगितलं. म्हणून दोन्ही बोर्डांवर पीबीओ बंद, पॉवर मर्यादा एएमडीची, रॅम तीच, खोली तीच. नाहीतर तुझ्या आलेखात बोर्ड नसणार, कुणाच्या बायोसमध्ये किती आगाऊपणा हाय तेवढंच दिसणार.

लॅटन्सीमॉन, म्हणजे कुठला ड्रायव्हर अडकतोय ते दाखवणारा प्रोग्रॅम, पण थोडा वेळ चालव. लॅन नाहीतर वाय-फायचा ड्रायव्हर बिघडलेला असेल तर एडिटिंगमध्ये आवाज तडतडतो आणि माणूस स्पीकर बदलत बसतो.

अनगोळकर_सीएनसी

मामा, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. मॅन्युअल उघडून बसलोय. एक्स८७०ई वर दुसऱ्या एम.२ पुढं बारीक अक्षरात खरंच लिहिलंय, यूएसबी४ बरोबर वाटून घेतो म्हणून. बाह्य क्लॉक जनरेटर पण हाय त्याच्यावर, त्याचा उपयोग हाय काय?

सोल्डरमामा

नादासाठी हाय. बेस क्लॉक १०० वरनं १०३-१०४ केला तरी पीसीआयई आणि बाकीची घड्याळं १०० लाच राहतात, त्यामुळं एसएसडी गोंधळत नाही. ९८००एक्स३डी वाल्यांना त्यात मजा येते. तुला चोवीस तास सगळे कोर चालवायचेत. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये एकेक कोरचं व्होल्टेज सावकाश खाली घे, तेवढ्यात तुझं काम होतं.

त्यापेक्षा पाठीमागं बायोस फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरनं बायोस परत भरायचं) बटण हाय काय बघ, आणि बोर्डावर दोन आकडी पोस्ट कोडची पट्टी, मशीन चालू होताना कुठं अडकलं ते सांगणारी. टायमिंग आवळणाऱ्या माणसाला ह्या दोन गोष्टी वाय-फाय ७ पेक्षा मोलाच्या. फ्लॅशबॅक आत्ताच करून बघ, पेनड्राइव्ह एफएटी३२ करून. अडचणीत पहिल्यांदा दाबायला लागू नये.

तिसरं_रेल्वे_गेट

सगळे बोर्डावर बोलत आहेत, म्हणून मी बोर्डाच्या बाहेरचं सांगते. मी इलेक्ट्रिकल सल्लागार आहे. शहापूर, वडगावकडच्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या पिनेमागे अर्थिंग असेलच असं नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी ते काम करून घ्या. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट येतात ते मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर गेले तर वायरमनला बोलवा. ज्या घरात अर्थिंगच नाही तिथे ४७ हजारांचा आणि २२ हजारांचा बोर्ड सारखाच जळतो.

यूपीएस बघताना व्हीए आणि वॅट वेगळे धरा. बाजारातला साधा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच्या आसपास देतो. तुमचा प्रोसेसर एकटाच दोनशेच्या आसपास घेणार, वर ग्राफिक्स कार्ड. सिम्युलेशन रात्रभर चालणार असेल तर शुद्ध साइन वेव्हचा मोठा यूपीएस घ्या. वळवाच्या दिवसांत गच्चीवरून तांब्याची लॅन केबल घरात आणली असेल तर वीज चमकायला लागताच ती काढून ठेवा. बोर्डाचा बाकी सगळा भाग ठणठणीत आणि लॅनची चिप तेवढी गेलेली, असे बोर्ड पावसाच्या तोंडावर मी पाहिले आहेत. ५ गिगाबिट असलं म्हणून ती चिप जास्त सोसते असं नाही.

आणि हे मशीन कधी फाउंड्रीच्या केबिनमध्ये न्यायचा विचार असेल तर नका नेऊ. बिडाच्या कामाची काळी धूळ लोखंडाची असते, वीज वाहते. जुलै-ऑगस्टच्या ओलाव्यात ती बोर्डावर चिकटली की पंख्याने उडत नाही. घरीसुद्धा पावसाळ्यात मशीन बरेच दिवस बंद ठेवू नका. रोज तासभर चालू केलं तरी आतला दमटपणा जातो.

बिलाचंही सांगते, कारण पुढे भाव बघायला कोल्हापूरला जाल. फाउंड्रीचं काम जीएसटी नोंदणीवर करत असाल तर बिल आयजीएसटीचं, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराच्या कराचं, मागा. महाराष्ट्राचा एसजीएसटी लागलेल्या बिलाचं क्रेडिट कर्नाटकातल्या नोंदणीला मिळत नाही. १८ टक्क्यांचा मामला आहे.

चिकोडी_कट्टा

ताईंनी बिलाचं बरं सांगितलं. मी भर घालतो. एएम५ ला पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, १७१८. बोर्ड परत करायचाय ना? मग दोस्त असला तरी दुकानातच सॉकेटचं झाकण उघडून मोबाईलनं जवळनं फोटो काढ, देताना परत काढ. एक पिन वाकली की वॉरंटीचा दरवाजा बंद, मग दोस्ती पण अवघड होते. सॉकेटचं प्लास्टिकचं झाकण टाकून देऊ नको, सर्व्हिस सेंटरवाले तेच पहिलं मागतात.

आणि वॉरंटीचा बोर्ड जमा कुठं करायचा ते घेण्याआधी विचार. गावात घेतात, कोल्हापूर-हुबळीला न्यायला लागतो की कुरिअरनं बेंगळुरूला जातो? माझा एक जुना बोर्ड असाच गेला होता. तो येईपर्यंत दुसऱ्याच्या मशीनवर काम करालोतो.

अनगोळकर_सीएनसी

दोन्ही लावून बघितले. झाकण बंद, दुपारची वेळ, खोली २९ ला. सिम्युलेशन तासभर चालवल्यावर एक्स८७०ई चा व्हीआरएम ६० च्या जरा वर थांबला, बी८५० चा ७४ ला. म्हणजे वाढ ४५, मामांच्या हिशेबात बसतंय. सिम्युलेशनचा वेळ दोन्हीवर सारखाच, सिनेबेंचमधला फरक तर एकाच बोर्डावर दोनदा चालवलं तरी येतो तेवढाच. सुरुवातीला महागडा बोर्ड पुढं दिसत होता, पण त्याच्या बायोसमध्ये पीबीओ आपोआप चालू होतं. ते बंद केलं आणि दोघे एका रेषेत आले.

रॅममध्ये मात्र एक्स८७०ई उजवा. त्याच स्टिक, तेच टायमिंग, त्यानं १.२ व्होल्टला रात्र काढली, बी८५० ला १.२४ लागले. माझ्यातला नादखुळा म्हणत होता ठेव तो. पण एसएसडी माझ्याकडं दोनच, यूएसबी४ चं एकही उपकरण घरात नाही, ग्राफिक्स कार्ड ४.० चं. वरच्या २५ हजारांत साइन वेव्हचा यूपीएस येतोय आणि अर्थिंगचं काम पण होतंय. अर्थिंग मोजलं, ताईंनी सांगितलं तसंच निघालं.

एक्स८७०ई परत दिला, फोटो दाखवून. दोस्तानं तोंड जरा वाकडं केलं, पण यूपीएस त्याच्याकडनंच घेतो म्हटल्यावर चहा सांगितला.

आता शेवटचं. ३२ जीबी सिम्युलेशनला कमी पडालेत. बोर्डावर दोन स्लॉट रिकामे हायेत. त्याच कंपनीच्या आणखी दोन स्टिक घेऊन चार करू काय?

सोल्डरमामा

चार करू नको. ९९५०एक्स ला दोन स्टिकवर एएमडीचा अधिकृत वेग ५६००, चार घातल्या की ३६००. त्यावर चढवता येतो, पण आवळलेलं टायमिंग सगळं सोडायला लागणार. आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या स्टिक, नाव सारखं असलं तरी आतली चिप सारखी असेल ह्याची खात्री नाही. आत्ताच्या दोन विकून टाक आणि २×३२ नाहीतर २×४८ चा एकच किट घे, बोर्डाच्या क्यूव्हीएल यादीत (कंपनीनं तपासलेली रॅम) बघून. ६००० ला चालणारे ४८ चे किट मिळतात.

बसवताना ए२ आणि बी२, म्हणजे प्रोसेसरकडनं मोजलं तर दुसरा आणि चौथा स्लॉट. पहिल्यांदा चालू करशील तेव्हा पडदा काळाच राहील, रॅमचा दिवा पेटलेला राहील, पंखे फिरत राहतील. ट्रेनिंग चाललेलं असतंय, म्हणजे बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो, मोठ्या किटला दहा-पंधरा मिनिटं पण लागतात. बटण दाबून बंद करू नको, जेवून ये.